जय-विजयांचा अपराध

आपल्याकडील वैष्णव देवळांत गर्भगृहाच्या दाराशी दोन्ही बाजूंस द्वारपाल उभे असतात. दर्शनाच्या ओढीने आत जाणाऱ्या भाविकाचे त्यांच्याकडे सहसा लक्ष जात नाही. हात जोडलेले असतात, दृष्टी समईच्या उजेडातील मूर्तीवर खिळलेली असते. आणि गदा घेतलेले ते दोघे, जय आणि विजय, बाजूच्या अंधारात राहून जातात. माझेही पुष्कळ वर्षे असेच झाले. अलीकडे मात्र उंबरठा ओलांडण्यापूर्वी मी त्यांच्यापाशी क्षणभर थबकतो. त्याचे कारण सांगावे, आणि त्या निमित्ताने एका प्रश्नाचा विचार वाचकांबरोबर करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रश्न दिसावयास किरकोळ आहे. काही दिवसांपूर्वी एका देवस्थानचे चिटणीस माझ्या कचेरीत आले. समितीचा पत्रव्यवहार आता बहुतेक ई-मेलने चालतो. त्यांच्यातील एक वयस्क महाजन समितीला रोज दोन-चार पत्रे धाडतात. पालखीचा खर्च, अभिषेकाच्या पावत्या, विजेचे बिल, पुजाऱ्यांची वेळ, सभामंडपातील गळती असे एकही प्रकरण त्यांच्या लेखणीतून सुटत नाही. चिटणीस बिचारे नोकरी सांभाळून हा व्याप उचलतात. ते कंटाळले होते. त्यांच्या भाच्याने त्यांना एक युक्ती दाखविली होती. संगणकाला एकदा नियम घालून दिला की त्या पत्त्यावरून येणारे प्रत्येक पत्र परस्पर कचरापेटीत जाते. डोळ्यांसही पडत नाही. चिटणीसांनी विचारले, "वकीलबाब, समितीने तसा ठराव केला तर कायद्याला धरून होईल ना?"

मी त्यांना आठ दिवसांनी यावयास सांगितले. कायद्याचे उत्तर देण्यास अर्धा तासही पुरला असता. परंतु त्यांच्या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न होता, आणि त्याच्याशी माझे स्वतःचे जुने देणे होते.

ज्यांचा या यंत्राशी फारसा परिचय नाही त्यांच्यासाठी हा नियम म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. अशा नियमाला दोन अंगे असतात, अट आणि कृती. 'अमुक पत्त्यावरून आलेले पत्र' ही अट. 'तमुक कप्प्यात ठेव', 'वाचले अशी खूण कर', 'दुसऱ्याकडे पाठव' किंवा 'नष्ट कर' ही कृती. नियम अनेक असले तर ते ठरलेल्या क्रमाने एकामागून एक लावून पाहिले जातात. अट एका माणसाच्या पत्त्यापुरती घालता येते, तशीच पत्त्यातील '@' या चिन्हानंतरच्या भागालाही घालता येते. मग त्या संस्थेतून येणारी सगळीच पत्रे एका फटक्यात तिच्या कक्षेत येतात. रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने १९७१ साली पत्रासाठी हे चिन्ह योजले, ते आजतागायत टिकले आहे. पुढे पत्रे निवडण्याचे नियम लिहिण्याकरिता एक प्रमाणभाषाही तयार झाली आणि २००१ च्या जानेवारीत तिचा मसुदा प्रसिद्ध झाला. तिचे नाव 'सीव्ह', म्हणजे चाळणी.

नाव मोठे समर्पक आहे; परंतु पाठविणाऱ्याच्या नावावरून पत्रे निवडणाऱ्या नियमाला ते तंतोतंत लागू पडत नाही. चाळणी धान्याचा कण पाहते. कण जाड असला तर वर राहतो, बारीक असला तर खाली पडतो. आपला नियम कणाकडे पाहातच नाही. हे धान्य कोणाच्या शेतातून आले, एवढेच तो विचारतो. पत्रात काय आहे यासंबंधी त्याला काही म्हणावयाचे नसते. ते कोणाचे आहे हे समजले की त्याचे काम आटोपले.

याचा अर्थ असा नियम करणे हेच पाप, असे मात्र मी म्हणणार नाही. नियमांची गरज का भासू लागली हे समजून घेतले पाहिजे. इंग्लंडमध्ये १८४० पूर्वी टपालाचा खर्च सामान्यतः पत्र घेणाऱ्याने सोसावयाचा असे. परवडत नसेल त्याने पत्र परत करावे. १८४० मध्ये एका पेनीचे टपाल सुरू झाले आणि हा भार पाठविणाऱ्याकडे गेला. हिंदुस्थानातही १८५४ पासून सर्व देशभर चालणारी टपाल-तिकिटे आली. तिकिटासाठी पैसे मोजावे लागतात म्हटल्यावर लिहिणारा माणूस घडीभर विचार करी. हे लिहावयास हवे आहे काय, असे स्वतःस विचारी. ई-मेलने हा विचारच अनावश्यक केला. पाठविणाऱ्यास जवळजवळ काहीच पडत नाही, शंभर जणांस पाठवावयासही तेवढेच पडते. १९७८ मध्ये अमेरिकेतील एका संगणक-कंपनीच्या विक्रेत्याने सुमारे ४०० पत्त्यांवर एकदम एकच जाहिरात धाडली, ती या प्रकारातील पहिली समजली जाते. म्हणजे पत्राचा खर्च फिरून घेणाऱ्याकडेच आला. फरक इतकाच की आता तो पैशांत मोजला जात नाही. तो आपल्या लक्षातून, आपल्या दिवसातून वजा होतो. ज्याच्या दारात दिवसाला शेकडो माणसे येऊ लागली त्याने दारावर कोणास तरी उभे करावे, यात गैर ते काय? न्यायालयही सगळ्यांचे एकाच वेळी ऐकत नाही. तेथेही बोर्ड लागतो आणि आपले प्रकरण पुकारले जाईपर्यंत पक्षकारास बाकावर बसून राहावे लागते.

तेव्हा दारावर कोणास उभे करणे दोषास्पद नाही. दोष कोठे शिरतो ते मला एका प्रसंगाने शिकविले. तो सांगताना मला संकोच वाटतो. परंतु न सांगता हा लेख लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. संबंधित गृहस्थांच्या संमतीने आणि ओळख पटेल असा तपशील गाळून मी तो सांगत आहे.

२०१८ सालची गोष्ट. माझे एक पक्षकार होते, वयाची सत्तरी उलटलेले, निवृत्त शिक्षक. ते बेळगावास मुलीकडे राहात. त्यांचा धाकटा भाऊ गोव्यातील वडिलोपार्जित घरात होता. दोघांत त्या घराच्या वाटणीचा दावा चालला होता आणि देवघरालगतच्या एका खोलीवरून तो अडला होता. नातीने त्यांना ई-मेल करावयास शिकविले होते. ते मला रोज तीन-चार पत्रे लिहीत. प्रत्येक पत्राचा आरंभ 'सा. न. वि. वि.' असा. कधी जुन्या कागदातील एखादी चतुःसीमा, कधी वडिलांची आठवण, कधी भावाने तीस वर्षांपूर्वी उच्चारलेला एखादा शब्द. दाव्याच्या दृष्टीने त्यातील दहांतले नऊ निरुपयोगी असे. एके दिवशी दुपारी, दोन प्रकरणांच्या मधल्या फुरसतीत, मी त्यांच्या पत्त्याला नियम लावला. पत्र त्यांच्या नावाच्या कप्प्यात जावे आणि त्यावर 'वाचले' अशी खूण व्हावी. अर्ध्या मिनिटाचे काम. दर शनिवारी तो कप्पा उघडावयाचा, असे मी मनाशी ठरविले. तीन शनिवार उघडलाही. नंतर विसरलो. न वाचलेल्या पत्रांचा आकडा समोर दिसत नव्हता, त्यामुळे विसरणे सोपे झाले.

त्या कप्प्यात मी पुन्हा डोकावलो ते एक जुना दस्तऐवज शोधण्यासाठी. तेथे एकोणीस दिवसांपूर्वीचे एक पत्र होते. भाऊ इस्पितळात आहे असे कळल्याचे त्यात लिहिले होते. पुढे म्हटले होते की, मी कुलदेवतेकडे प्रसाद लावला, उजवा झाला. ती खोली मला नको. मी स्वतः फोन केला तर तो घेणार नाही, पण वकिलामार्फत आलेला शब्द तो खरा मानील. तरी त्याच्या वकिलांस आजच कळवावे. ते पत्र आल्यानंतर अकराव्या दिवशी भाऊ वारला होता.

ती बातमी मला त्याच सायंकाळी त्यांच्या फोनवरून समजली. भावाच्या वारसांची नावे दाव्यात लावावी लागतील काय, एवढे विचारण्यासाठी त्यांनी फोन केला होता. बोलणे संपता संपता ते म्हणाले, "वकीलबाब, म्हजें पत्र तुमकां पावूंक नाशिल्लें?" मी उत्तरलो, "संगणकांत कितें तरी घुस्पागोंदळ जालो."

हे खोटे होते. संगणकात घोटाळा मुळीच झालेला नव्हता. मी सांगितले तेच त्याने केले होते, आणि तेही बिनचूक केले होते.

कायद्याच्या दृष्टीने तर त्या 'पावूंक नाशिल्लें'ला काही आधारच नव्हता. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या १३ व्या कलमात याचा विचार आहे. पक्षकारांत वेगळे ठरले नसेल तर, पत्रव्यवहारासाठी आपण नेमून दिलेल्या संगणक-व्यवस्थेत पत्र शिरले की त्या क्षणी ते पोचले. ते वाचले गेले की नाही हे कायदा विचारीत नाही. टपालाच्या बाबतीतही १८९७ च्या सामान्य खंड अधिनियमाचे २७ वे कलम त्याच वळणाचे आहे. योग्य पत्त्यावर, टपाल भरून, रजिस्टर्ड डाकेने पाठविलेले पत्र नेहमीच्या वेळी पोचलेच असे गृहीत धरले जाते. तसे झाले नाही हे दाखविण्याचा भार घेणाऱ्यावर पडतो. पोस्टमनला दारातून परत पाठविणाऱ्या माणसाला 'मला नोटीस मिळाली नाही' असे म्हणून सुटता येत नाही, हे कनिष्ठ न्यायालयातील कारकुनालाही ठाऊक असते. मीच पक्षकारांना हे शेकडो वेळा सांगितले आहे. पत्र पावले होते. माझ्या दाराने ते घेतले होते आणि माझ्याच हुकुमाने ते अंधारात ठेवले होते.

जय-विजयांची कथा मला तेव्हा नव्याने आठवली. भागवताच्या तिसऱ्या स्कंधात ती येते. सनकादिक चार कुमार वैकुंठी आले. सहा दारे ओलांडून सातव्या दाराशी पोचले, तेव्हा द्वारपालांनी त्यांना दंड आडवा घालून अडविले. वयाने ते ऋषी अतिशय वृद्ध, दिसावयास मात्र पाच वर्षांची नागडी मुले. द्वारपालांनी आपल्या समजुतीप्रमाणे चोख काम केले होते. कोण आले हे त्यांनी बाह्यरूपावरून ठरविले, कशासाठी आले हे विचारले नाही. पुढचा शाप आणि तीन जन्म आपणा सर्वांना माहीत आहेत. मात्र कथेचा जो भाग मी कीर्तनात अनेकदा ऐकूनही ऐकला नव्हता, तो निराळाच आहे. गलबला ऐकून भगवान स्वतः पायी चालत दाराशी आले आणि त्यांनी ऋषींपुढे तो अपराध आपला म्हणून पत्करला. सेवकाने आगळीक केली की लोक नाव धन्याचे घेतात, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. माझ्या द्वारपालांनी घोटाळा केला, असे ते म्हणाले नाहीत. मी मात्र तसेच म्हटले होते.

आपण काम दुसऱ्यावर सोपवू शकतो. उत्तरदायित्व सोपवू शकत नाही. सेवक माणूस असेल तर तो निदान कधी तरी आत येऊन सांगेल, 'धनी, आज हे गृहस्थ रडत होते.' यंत्र तेवढेही सांगत नाही. म्हणून यंत्राच्या धन्याची जबाबदारी कमी होत नाही, उलट अधिक वाढते.

आता या नियमाच्या स्वरूपाकडे वळू. पाठविणारा कोण यावरून पत्राचा निकाल करणे म्हणजे बोलण्याऐवजी बोलणाऱ्याचा निकाल करणे होय. तो निकालही आजचा नसतो. ज्या दिवशी नियम केला त्या दिवशीचा असतो. माणूस पुढे जातो, पालटतो, आजारी पडतो, पश्चात्ताप पावतो. नियम त्याच दिवसावर उभा राहातो. माझे पक्षकार ज्या दिवशी आपला हट्ट सोडून भावाकडे वळले, त्या दिवशीही माझ्या संगणकाच्या लेखी ते एक हट्टी म्हातारे गृहस्थच होते.

रामायणातील विभीषणाच्या आगमनाचा प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. शत्रूच्या नगरीतून शत्रूचाच भाऊ येतो आणि आश्रय मागतो. सुग्रीवाचा सल्ला सरळ आहे: हा रावणाकडचा, याला थारा देऊ नये. हा आजच्या भाषेत '@' या चिन्हानंतरचा भाग पाहून घातलेला नियम होय. तो मूर्खपणाचा होता असे नाही, युद्धाच्या तोंडावर तसेच वाटणार. हनुमंताने मात्र त्या माणसाचे बोलणे, त्याची मुद्रा आणि त्याने निवडलेली वेळ यांकडे लक्ष वेधले. रामाने ऐकले सर्वांचे, आणि विभीषणाला आत घेतले. सुग्रीवाचा नियम चालला असता तर लंकेतून आलेला सर्वांत मोलाचा शब्द समुद्रकिनाऱ्यावरूनच परत गेला असता.

उलट बाजूही त्याच ग्रंथात आहे. पंचवटीच्या पर्णकुटीच्या दाराशी जो आला तो यतीच्या वेषात आला होता. सीतेने अतिथिधर्माला अनुसरून त्याचा सत्कार केला, कारण वेष विश्वासाचा होता. आजही बँकेच्या किंवा ओळखीच्या माणसाच्या नावाने बनावट पत्रे येतात. पत्रावरील 'प्रेषक' या ओळीत लिहिणाऱ्याला वाटेल ते नाव घालता येते. म्हणून तर पाठविणाऱ्याची खातरजमा करण्यासाठी एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या नावांच्या निराळ्या व्यवस्था उभाराव्या लागल्या. तात्पर्य, केवळ नावावर चालणारा द्वारपाल दोन्हीकडून चुकतो. विभीषणाला तो बाहेर ठेवतो आणि रावणाला आसन देतो.

मग करावे काय? दार सताड उघडे टाकणे शक्य नाही हे वर मान्य केलेच आहे. माझ्या मते उत्तर एका भेदात आहे. कोणाचे आधी ऐकावयाचे आणि कोणाचे नंतर, हा एक प्रश्न; कोणाचे ऐकावयाचेच नाही, हा दुसरा. पहिला क्रमाचा, दुसरा निकालाचा. पाठविणाऱ्यावरून क्रम ठरविता येतो. निकाल ठरविता येत नाही.

भारतीय युद्धापूर्वी दुर्योधन आणि अर्जुन दोघेही साहाय्य मागण्यासाठी द्वारकेस गेले. कृष्ण निजला होता. दुर्योधन आधी पोचला आणि उशाशी बसला. अर्जुन मागून आला आणि पायाशी उभा राहिला. जागे होताच कृष्णाची दृष्टी आधी अर्जुनाकडे गेली. आधी आला कोण आणि आधी दिसला कोण, अशी दोन नियमांची तेथे टक्कर झाली. अर्जुन वयाने धाकटा म्हणून निवडीचा पहिला मान त्याला मिळाला. तो क्रम योग्य की अयोग्य यावर वाद घालता येईल. परंतु दुर्योधनाला कोणी दारातून घालविले नाही. त्याचेही ऐकले गेले, आणि नारायणी सेना घेऊन तो संतोषाने परतला. क्रम लावला गेला, पण कान कोणासाठीही मिटले गेले नाहीत.

कायद्यानेही हाच भेद फार श्रमाने गाठला आहे. दुसऱ्या बाजूचे ऐकल्याशिवाय तिच्याविरुद्ध निर्णय देऊ नये, हे नैसर्गिक न्यायाचे तत्त्व आमच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये ओरिसा राज्य विरुद्ध बीनापाणी देई या खटल्यात कारभाऱ्यांच्या निर्णयांनाही लागू केले, आणि १९७८ च्या मनेका गांधी प्रकरणात ते अधिकच दृढ झाले. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे १९७० साली ब्रिटिश ऑक्सिजन कंपनीचे प्रकरण आले. त्यात लॉर्ड रीड यांनी जे सांगितले ते तर आपल्या विषयाला नेमके लागू पडते. ज्याच्याकडे असंख्य अर्ज येतात त्याने एखादे धोरण, प्रसंगी जवळजवळ नियमच, ठरवून ठेवण्यास हरकत नाही. मात्र कोणी काही नवे सांगावयास आला तर ते ऐकून घेण्याची त्याची तयारी हवी, असा त्याचा मथितार्थ आहे.

येथे दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही विचारात घेण्यासारखे आहेत. पहिला असा की, ही बंधने न्यायाधीशांना आणि सरकारी अधिकाऱ्यांना. खाजगी माणसाने कोणाचे पत्र वाचावे अन् कोणाचे वाचू नये, हा त्याच्या मर्जीचा प्रश्न आहे. हे बऱ्याच अंशी खरे आहे. ज्याची माझी ओळख नाही, देणेघेणे नाही, अशा जाहिरातदाराला माझ्या वेळेवर हक्क सांगता येणार नाही. त्याची पत्रे न वाचता टाकण्यात मला पाप दिसत नाही. ऐकण्याचे कर्तव्य नात्यातून जन्मते. पक्षकार आणि वकील, रोगी आणि वैद्य, भाऊ आणि भाऊ, महाजन आणि समिती ही अशी नाती होत. जेथे दुसऱ्याचे एखादे काम माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाकडून होणार नाही, तेथे माझे दार केवळ माझे राहात नाही. माझ्या पक्षकारांनी लिहिले होतेच, की वकिलामार्फत आलेलाच शब्द भाऊ खरा मानील. त्यांना दुसरे दार नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. एखाद्या स्त्रीला कोणी सतत धमक्या किंवा अभद्र पत्रे पाठवीत असेल, तर तिनेही त्याचे 'नंतर' ऐकावे काय? मुळीच नाही. तेथे पत्र हेच शस्त्र झालेले असते, आणि शस्त्र उगारणाऱ्यासाठी दार लावणे हा अन्याय नव्हे, स्वसंरक्षण होय. तिने ती पत्रे पुरावा म्हणून जपून ठेवावीत, दुसऱ्या विश्वासू माणसाकरवी पाहून घ्यावीत, पोलिसांकडे द्यावीत. स्वतः ती वाचण्याचे ओझे तिने वाहू नये. मात्र त्रास देणारा आणि कंटाळा आणणारा यांत फरक आहे. आपण पुष्कळदा दुसऱ्याला पहिल्याच्या पंक्तीला बसवितो, कारण त्यायोगे आपल्या कंटाळ्याला आत्मरक्षणाचे वस्त्र मिळते.

त्या फोननंतर पुढच्या तारखेला माझे पक्षकार स्वतः कोर्टात आले. व्हरांड्यात मी त्यांना सर्व खरे सांगितले. नियम केव्हा केला, का केला, फोनवर काय खोटे बोललो, सगळे. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "वर्गांत बडबडपी भुरग्यांक हांवूय फाटल्या बांकार बसयतालों. पूण हजेरी तांचीय घेतालों." त्यांनी मला क्षमा केली की नाही हे मी विचारले नाही. त्यांनी वकीलपत्र काढून घेतले नाही, आणि ती खोली भावाच्या मुलांना सोडून दिली. जो शब्द भावाने ऐकावयास हवा होता तो मात्र त्याला कोणीच ऐकविला नाही.

माझ्या संगणकावर आजही नियम आहेत. नियमांवाचून माझा एक दिवसही निभणार नाही. परंतु ओळखीच्या एकाही माणसाच्या पत्रावर 'वाचले' अशी खोटी खूण करण्याचा हुकूम त्यांत नाही. न वाचलेल्याचा आकडा मला टोचत राहावा म्हणून तो मी दिसता ठेवला आहे. ज्याची पत्रे मी बाजूच्या कप्प्यात घालतो त्याला तसे कळवितो, आणि तातडीचे काही असेल तर फोन करावा असेही लिहितो. दर शनिवारी कचेरी बंद करण्यापूर्वी ते कप्पे उघडतो. वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुटीत, एकेक नियम काढून पाहतो. हा माणूस अजून तसाच आहे काय, आणि मी तरी तोच आहे काय, असे विचारतो. दर वर्षी दोन-तीन नियम गळून पडतात.

आठ दिवसांनी चिटणीस आले. त्यांना मी सांगितले की, तो ठराव करू नये. देवस्थानचे महाजन हे बाहेरचे कोणी नव्हेत. ज्यांच्यातून समिती निवडून येते त्यांच्यापैकीच ते एक आहेत. शिवाय कचरापेटी म्हणजे कपाट नव्हे. जीमेलसारख्या व्यवस्थेत तिच्यातील पत्रे ३० दिवसांनी कायमची नष्ट होतात, आणि उद्या वाद कोर्टात गेला तर काय आले होते हे समितीला दाखविताही येणार नाही. त्यांच्या नावाचा कप्पा करावा. समितीच्या दर बैठकीत तो उघडावा आणि सर्व पत्रांना मिळून एकच उत्तर द्यावे. ही व्यवस्था त्यांना आधी लेखी कळवावी. वर्षाने तिचा फेरविचार करावा.

चिटणीस जरा हिरमुसले. म्हणाले, "म्हणजे वाचण्याचा त्रास राहिलाच की, वकीलबाब."

"राहिला," मी म्हटले. "रोजचा होता तो आता पंधरवड्याचा झाला. त्याहून कमी करणे माझ्या हाती नाही."

जाताना त्यांनी विचारले की पुढची बैठक देवळातच आहे, आपण याल काय. मी गेलो. सभामंडपात बैठकीची तयारी चालली होती. आत दर्शनाला जाताना दाराशी थबकलो. दोघे द्वारपाल नेहमीप्रमाणे उभे होते. त्यांना आपल्या चुकीसाठी तीन जन्म घ्यावे लागले. मला त्यांच्याकडे पाहून एवढेच वाटले की, ज्याने त्यांना दारावर उभे केले तो निदान गलबला ऐकून बाहेर तरी आला होता.